न उमजलेल्याशी कसे वागावे? तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांना आयुष्यभर दोन ध्यास होते. चांगली पुस्तके लोकांच्या हाती पडावीत आणि जगभरचा चांगला सिनेमा आपल्या गावच्या पडद्यावर दिसावा. फिल्म सोसायटीच्या चळवळीतून घडलेल्या त्यांच्या पिढीला हे दोन ध्यास वेगळे वाटतच नसत. म्हणून आज मी असा विषय निवडला आहे, की ज्यात एक थोर पुस्तक आणि एक थोर सिनेमा समोरासमोर उभे आहेत आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही. पुस्तक म्हणजे पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम याची 1961 साली प्रसिद्ध झालेली ‘सोलारिस’ ही कादंबरी. सिनेमा म्हणजे आंद्रेई तारकोव्हस्कीने तिच्यावरून सोव्हिएत संघात केलेला, 1972 सालचा, त्याच नावाचा चित्रपट.

या चित्रपटाचे नशीब विलक्षण आहे. मूळ लेखकाला तो रुचला नाही आणि त्याने ते कधी लपवले नाही. दिग्दर्शकालाही पुढे तो आपल्या कामांमध्ये उणा वाटू लागला. अवकाशयाने, अवकाशस्थानक असले विज्ञानकथेचे सामान मध्ये आले नसते, तर आपले म्हणणे अधिक स्वच्छ उमटले असते, असे त्याचे मत झाले. चित्रपटाची लांबी पावणेतीन तास आहे, गती अतिशय संथ आहे. स्थानकावरची यंत्रे आजच्या पोराटोरांनाही जुनाट वाटतील. ज्याला जन्मदात्यांपैकी कुणीच पुरते जवळ केले नाही, तो चित्रपट अर्धशतक उलटल्यावरही जगभर दाखवला जातो आणि पाहून बाहेर पडलेली माणसे बराच वेळ बोलत राहतात. असे का होते, हा आजचा प्रश्न.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. लेमने विचारले होते : जे आपल्याहून सर्वस्वी निराळे आहे, ते माणसाला कधी कळू शकेल का? तारकोव्हस्कीने विचारले : जे कळत नाही, पण दारात येऊन उभे राहिले आहे, त्याच्याशी मी कसे वागू? एक प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा वागण्याचा. तारकोव्हस्कीने पहिल्या प्रश्नातून दुसरा उकरून काढला आणि पहिला मात्र पुसला नाही. दोन्ही प्रश्न एकाच चित्रपटात एकमेकांना ढुशा देत राहतात. या चित्रपटाचे आयुष्य त्या झटापटीत आहे.

आधी लेमकडे जाऊ. लेमचा जन्म 1921 सालचा, लव्होव शहरातला. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्याचे घराणे ज्यू मुळाचे. जर्मन आक्रमणाच्या काळात खोट्या कागदपत्रांच्या आधारावर, गाड्यांच्या दुरुस्तीची आणि वेल्डिंगची कामे करत हा तरुण जगला. आप्तांपैकी अनेकजण मारले गेले. युद्धानंतर कुटुंब क्राकूवला आले. तिथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि हळूहळू लेखनाकडे वळला. माणूस या प्राण्याविषयी लेमच्या मनात फार भोळे प्रेम का नव्हते, हे यावरून समजू शकते. विज्ञानावर त्याची निष्ठा होती. पण विज्ञानाने विश्वाचे कोडे एक दिवस सुटणारच, असा दिलासा त्याने वाचकाला कधी दिला नाही.

‘सोलारिस’ हे एका ग्रहाचे नाव. त्याच्या आकाशात दोन सूर्य आहेत, एक तांबडा आणि एक निळा. अशा ग्रहाची कक्षा गणिताप्रमाणे स्थिर राहायला नको, पण ती राहते, कारण ग्रहाला वेढून असलेला महासागर ती सांभाळतो. हा महासागर सजीव आहे. कदाचित विचारही करतो. त्याच्या पृष्ठभागावर डोंगराएवढे आकार उठतात, आपल्याच रचनेचे नियम पाळत वाढतात आणि कोसळतात. माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करत आहेत. कादंबरीत नायक स्थानकाच्या ग्रंथालयात बसून त्या अभ्यासाचा इतिहास चाळतो. पंथ, उपपंथ, वाद, वर्गीकरणे यांनी कपाटे भरली आहेत. सोलारिसशास्त्र नावाची एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली आहे आणि तिच्या हाती काहीच लागलेले नाही. ही ग्रंथालयातली पाने कादंबरीची शान आहेत. नसलेल्या शास्त्राचा इतका सांगोपांग इतिहास लिहिताना लेमने आपल्या असलेल्या शास्त्रांची उमेद आणि त्यांची हतबलता दोन्ही दाखवली आहेत.

या स्थानकावर क्रिस केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ येतो. पंच्याऐंशी माणसांसाठी बांधलेल्या जागेत (हा आकडा सिनेमातला) आता तिघेच उरले आहेत, आणि त्यांतल्या गिबारियनने आत्महत्या केली आहे. उरलेले स्नाउट आणि सार्टोरियस काहीतरी दडवत आहेत. महासागरावर क्ष-किरणांचा मारा केल्यापासून स्थानकावर ‘पाहुणे’ येऊ लागले आहेत. ज्याच्या त्याच्या मनाच्या तळाशी रुतलेले, लाजेचे किंवा अपराधाचे जे माणूस असेल, तेच महासागर घडवून त्याच्यापाशी पाठवतो. केल्विन झोपून उठतो तेव्हा समोर हारी बसलेली असते. हारी ही त्याची पत्नी. त्यांचे भांडण झाले, तो निघून गेला आणि तिने विषाची सुई टोचून जीव दिला, त्याला वर्षे लोटली. परतून आलेल्या हारीच्या दंडावर त्या सुईची खूण आहे.

ही कादंबरी तारकोव्हस्कीच्या हाती आली तो काळ त्याच्यासाठी खडतर होता. 1962 साली ‘इव्हान्स चाइल्डहूड’ला व्हेनिसच्या महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळाला आणि तिशीत त्याचे नाव झाले. त्यानंतरचा ‘आंद्रेई रुब्ल्योव’ हा मध्ययुगीन चित्रकारावरचा चित्रपट 1966 मध्ये तयार असूनही अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अडवून ठेवला. आत्मचरित्रात्मक चित्रपटाची कल्पनाही तेव्हा पुढे सरकेना. विज्ञानकथेला मात्र सोव्हिएत व्यवस्थेत मान होता. अवकाश म्हणजे देशाचा अभिमान. एका नामवंत लेखकाची, समाजवादी पोलंडमधली कादंबरी घेतली तर हरकत कोण घेणार, असा व्यवहारी हिशेब या निवडीत होताच. पण केवळ हिशेबातून असा चित्रपट होत नाही. मेलेले माणूस परत आले आणि आपल्याला दुसरी संधी मिळाली तर आपण काय करू, या कल्पनेने तारकोव्हस्कीला मुळापासून धरले होते.

फ्रिद्रिख गोरेनश्तेइन या लेखकाबरोबर त्याने पटकथा लिहिली. तिच्या सुरुवातीच्या खर्ड्यात चित्रपटाचा बराच मोठा भाग पृथ्वीवरच घडत होता. लेम भडकला. तो मॉस्कोला आला आणि दोघांचे कडाक्याचे वाद झाले. लेमचा आक्षेप नेमका होता : मी माणसाला अज्ञातासमोर उभे केले आणि तुम्ही त्याला परत घरात, नात्यांत, पश्चात्तापात नेऊन बसवता. तारकोव्हस्कीने ‘सोलारिस’ केलाच नाही, त्याने दस्तयेव्हस्कीचा ‘गुन्हा आणि शिक्षा’ केला, अशा अर्थाचे लेमचे विधान प्रसिद्ध आहे. दस्तयेव्हस्कीशी तुलना म्हणजे गौरव, असे आपल्याला वाटेल. लेमच्या तोंडी ती तक्रार होती.

चित्रपट पुरा झाल्यावर दुसऱ्या बाजूने तोफा सुटल्या. जानेवारी 1972 मध्ये अधिकाऱ्यांनी बदलांची तीसपस्तीस कलमी यादी दिली. तारकोव्हस्कीने ती रोजनिशीत उतरवून ठेवली आहे. देवाची कल्पना काढून टाका, केल्विन भांडवलशाही जगातून येतो की समाजवादी की साम्यवादी ते स्पष्ट करा, लांबी कमी करा, असे बरेच काही तीत आहे. त्याने बहुतेक गोष्टी तशाच ठेवल्या. त्याच वर्षी कान महोत्सवात चित्रपटाला परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. एकीकडे लेखक म्हणत होता यात विज्ञानाचा प्रश्न राहिला नाही, दुसरीकडे सरकार म्हणत होते यात विचारधारा दिसत नाही. दोघांच्याही मागण्यांपलीकडे दिग्दर्शकाला काही दिसले होते, ते आता पाहू.

कादंबरी सुरू होते ती थेट यानात. चित्रपटाचा पहिला जवळजवळ पाऊण तास पृथ्वीवर आहे. वाहत्या पाण्याखाली डुलणारे लव्हाळे, धुके, तळे, एक घोडा. उद्या निघायचे म्हणून केल्विन वडिलांच्या घराभोवती फिरतो आहे. अचानक पाऊस कोसळतो. बाहेर मांडलेल्या टेबलावर चहाचे कप भरून वाहतात आणि तो आत पळत नाही, भिजत उभा राहतो. इथे काही प्रेक्षक कंटाळतात, मला ठाऊक आहे. पण पुढचे दोन तास या पाऊण तासावर उभे आहेत. स्थानकावर ना माती आहे, ना पाऊस. जे गमावले आहे ते आधी डोळे भरून पाहिलेच नसेल, तर गमावल्याची कळ आपल्याला कशी येणार?

याच भागात बर्टन नावाचा निवृत्त वैमानिक येतो. पूर्वी सोलारिसवर शोधमोहिमेत उडताना त्याने महासागरावर चार मीटर उंचीचे एक मूल पाहिले होते. चौकशी समितीने त्याला भ्रमिष्ट ठरवले, कारण त्याने केलेल्या चित्रीकरणात ढगांखेरीज काही उमटले नव्हते. केल्विनचे धोरण रोखठोक आहे : संशोधन रेंगाळले आहे, तेव्हा एक तर स्थानक बंद करा किंवा महासागरावर तीव्र किरणांचा मारा करून पाहा. बर्टन चिडतो. जे समजत नाही ते नष्ट करून ज्ञान मिळवायचे, हे त्याला अनैतिक वाटते. केल्विन त्याला तुटकपणे बोलतो आणि बर्टन रागावून निघून जातो. चित्रपटाचा खरा प्रश्न इथे, पृथ्वीवर, बागेतल्या संभाषणात मांडला गेला आहे. वागण्याची काळजी नसलेले ज्ञान ज्ञान ठरते का? केल्विन हसण्यावारी नेतो तो प्रश्न महासागर त्याला पुढे हारीच्या रूपात परत विचारणार आहे.

मग बर्टनच्या मोटारीचा तो सुप्रसिद्ध प्रवास येतो. सुमारे पाच मिनिटे आपण केवळ रस्ते पाहतो : उड्डाणपूल, बोगदे, एकात एक गुंतलेल्या वाटा आणि शेवटी रात्रीच्या महानगरात वाहणारे दिव्यांचे लोंढे. हे चित्रीकरण 1971 साली टोकियोत केले. भविष्यातले शहर उभारायला लागणारा पैसा नव्हता, तेव्हा त्या काळी भविष्यात पोचलेले एक शहर दिग्दर्शकाने उचलले. पण हा केवळ काटकसरीचा उपाय नाही. अवकाशप्रवास म्हणून चित्रपटात जेमतेम काही क्षण आहेत. डोळे, तारे, आणि केल्विन पोचतोही. अंतराचा सगळा अनुभव त्या रस्त्याने आधीच दिलेला असतो. ज्या घरात पाऊस पडत होता, तिथून माणूस किती दूर निघून आला आहे, हे त्या बोगद्यांतच कळते.

तारकोव्हस्कीला कुब्रिकचा ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ थंड वाटला होता. त्यातली भविष्यातल्या वस्तूंची मांडामांड त्याला संग्रहालयासारखी वाटे. मला कुब्रिकचा चित्रपट अतिशय प्रिय आहे, आणि तरी या दोघांतला फरक ओळखायला हा शेरा मदत करतो. कुब्रिकच्या यानात सारे चकचकीत, निर्जंतुक आहे. तारकोव्हस्कीच्या स्थानकात तारा लोंबतात, कचरा पडलेला असतो, माणसांच्या बाह्या फाटलेल्या असतात. झोप यावी म्हणून तिथल्या लोकांनी हवेच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. त्या फडफडल्या की पानांच्या सळसळीसारखा आवाज येतो. ही युक्ती गिबारियनची, आणि तिला वरवर हसणारा सार्टोरियससुद्धा तीच वापरतो. विज्ञानपटात यंत्रांची कल्पकता पुष्कळदा दिसते, घरच्या ओढीने केलेली अशी कल्पकता क्वचित.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर संगीतकार एदुआर्द आर्तेम्येवबद्दल सांगायला हवे. येवगेनी मुर्झिन या अभियंत्याने काचेच्या तबकड्यांवर आकृती रेखून, त्यांतून प्रकाश सोडून ध्वनी निर्माण करणारे एक यंत्र मॉस्कोत बांधले होते. आर्तेम्येवने ते वापरले आणि महासागराला असा आवाज दिला की तो संगीत आहे, वारा आहे की यंत्राची घरघर, हे ठरवता येत नाही. त्याच्या समोर बाखची ऑर्गनवरची एक छोटी प्रार्थनारचना ठेवली आहे. ती ऐकली की आपण पृथ्वीवर आलो. महासागर दिसतो तो असिटोन, अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि रंग यांच्या मिश्रणातून. वादिम युसोवच्या कॅमेऱ्याने ते पातेल्याएवढे द्रव्य ग्रहाएवढे केले. संगणकीय दृश्ये दहा वर्षांत शिळी दिसू लागतात. खरोखर वाहणारे द्रव्य शिळे होत नाही.

आता हारीकडे येतो. या चित्रपटाचा प्राण ती आहे. नताल्या बोंदार्चुक तेव्हा अवघ्या विशीत होती, आणि तिने जे केले आहे ते अभिनयाच्या इतिहासात थोडक्यांनाच साधले. केल्विन पहिल्या हारीला घाबरतो. तिच्या पोशाखाला उघडण्याची सोय नाही, कारण महासागराला केल्विनच्या आठवणीतले वस्त्र माहीत आहे, वस्त्र कशासाठी शिवतात ते माहीत नाही. कात्रीने कापून ते काढावे लागते. केल्विन तिला फसवून एका छोट्या यानात बसवतो आणि अवकाशात सोडून देतो. रात्री दुसरी हारी येते. तीच शाल, तोच पोशाख. आता खोलीत दोन शाली आहेत. गुन्हा दडवता येतो, त्याची वस्तू मागे राहते. एकही संवाद न लिहिता तारकोव्हस्की हे सांगतो.

दुसरी हारी केल्विनपासून क्षणभर दूर राहू शकत नाही. तो दाराबाहेर गेल्यावर ती धातूचे दार फाडून बाहेर येते, रक्तबंबाळ होते आणि पाहता पाहता तिच्या जखमा भरून येतात. ती न्यूट्रिनोंची बनलेली आहे, असे सार्टोरियसचे निदान आहे. फोटोतली बाई कोण, असे ती विचारते आणि मग आरशात पाहते. इथवर ती एक प्रतिमा आहे, केल्विनच्या स्मृतीची पडछाया. पुढे मात्र तिच्यात काहीतरी हलू लागते. तिला झोप येऊ लागते. ती लपून ऐकते, शंका घेते. खरी हारी मेली आणि आपण ती नाही, हे तिला कळते. केल्विनच्या वडिलांनी कधीकाळी घेतलेली घरगुती फीत ती त्याच्याबरोबर पाहते, त्यात बर्फ, शेकोटी, त्याची आई आणि ती खरी हारी आहे. ज्या आठवणींतून ती घडली, त्या आठवणींकडे ती आता बाहेरून पाहू शकते. मला वाटते, ती माणूस होऊ लागते ती इथे.

मग ग्रंथालयातला प्रसंग येतो. हिरव्या भिंती, मेणबत्त्या, पुस्तके, ब्रूगेलची चित्रे. स्नाउटचा वाढदिवस आहे आणि तो दारू पिऊन उशिरा आला आहे. तो म्हणतो, विश्व जिंकायची आपली इच्छाच नाही. आपल्याला पृथ्वीच्या सीमा वाढवून हव्यात, आपल्याला आरसा हवा आहे. हा विचार लेमचाच आहे, कादंबरीत स्नाउटच तो मांडतो. पण कादंबरीत तो आरोप आहे : माणूस नव्याचा शोध घेण्याचे सोंग करतो आणि सगळीकडे स्वतःचेच तोंड शोधतो. चित्रपटात तोच विचार कबुली होऊन येतो : माणसाला माणूसच लागतो, हे आता मान्य करू या. लेमने जिथे माणसाला दोषी धरले, तिथे तारकोव्हस्कीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांच्या वादाचे मर्म मला या एका भाषणात सापडते.

सार्टोरियस हारीला तोंडावर सांगतो की तू स्त्री नाहीस, माणूस नाहीस, तू एक नक्कल आहेस. हारी रडते, पण गप्प बसत नाही. ती म्हणते की या अमानुष जागी केल्विन एकटाच माणसासारखा वागला. तुम्ही पाहुण्यांना बाहेरून आलेले विघ्न समजता, पण ते तुमच्यातूनच आले आहेत, ते तुमची सदसद्विवेकबुद्धी आहेत. जिला माणूस मानावे की नाही याचा वाद चालला आहे, तिने खोलीतल्या शास्त्रज्ञांना माणुसकी समजावून सांगितली. केल्विन तिच्यापुढे गुडघे टेकतो. थोड्या वेळाने स्थानकाची कक्षा बदलताना तीस सेकंद गुरुत्वाकर्षण नाहीसे होते. तो, ती, पेटलेले दीपदान आणि ‘डॉन किहोटे’चे पुस्तक हवेत तरंगू लागतात. त्याआधी हारी ब्रूगेलच्या ‘बर्फातील शिकारी’ या 1565 सालच्या चित्रात हरवून गेलेली असते. कॅमेरा त्या चित्रावरून फिरतो, कुत्र्यांचे भुंकणे, घंटा ऐकू येतात. जी कधीही पृथ्वीवर नव्हती, ती एका चित्रातून पृथ्वी शिकते आहे. कला कशासाठी असते, याचे याहून सुंदर उत्तर मी सिनेमात पाहिलेले नाही.

यानंतर हारी द्रवरूप प्राणवायू पिऊन मरण्याचा प्रयत्न करते आणि यातनांत पुन्हा जिवंत होते. शेवटी केल्विन तापात असताना ती दोघा शास्त्रज्ञांना विनंती करून स्वतःला नाहीसे करून घेते, मागे एक चिठ्ठी ठेवते. खऱ्या हारीने निराशेतून जीव दिला होता, ही जाते ती त्याच्या भल्याचा विचार करून. जी केवळ त्याची आठवण म्हणून आली, तिने स्वतःचा निर्णय घेतला, आणि तो केल्विनच्या इच्छेविरुद्ध होता. ती नक्कल नव्हती याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आजच्या श्रोत्यांना हे सारे फार जवळचे वाटावे, असा काळ आला आहे. गेलेल्या माणसाचे संदेश, आवाज, चित्रे संगणकाला पुरवून त्याच्यासारखे बोलणारे काहीतरी घडवण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत. दुःखात बुडालेल्या माणसाला त्याची भुरळ का पडते, हे मी समजू शकतो. पण ‘सोलारिस’ पाहिलेला प्रेक्षक त्यात एक फरक लगेच ओळखील. आपल्याला हवे तेच बोलणारी, कधी रागावून न निघून जाणारी आठवण म्हणजे पहिल्या क्षणाची हारी, शालीत गुंडाळलेली प्रतिमा. दुसरी हारी प्रश्न विचारते, जाब विचारते, नकार देते. प्रेम करण्याजोगे असे जे तिच्यात आहे, ते सगळे या नकारातून आले आहे. समोरच्यात नकार देण्याची ताकद आहे की नाही आणि ती आपण त्याला वापरू देतो की नाही, ही कसोटी तारकोव्हस्कीने 1972 साली आपल्या हाती ठेवली.

आता लेमची बाजू. ती न मांडणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे बरेचसे बरोबर आहे. चित्रपटात सोलारिसशास्त्राचा तो विराट इतिहास जवळजवळ नाही. महासागरावर उठणारे आकार नाहीत. लेमचा महासागर आपल्यावर रागावलेला नाही, आपल्याला धडाही शिकवत नाही. पाहुणे ही शिक्षा, भेट की नुसता योगायोग, हे त्याच्या पुस्तकात शेवटपर्यंत ठरत नाही. चित्रपटात मात्र महासागर केल्विनच्या अपराधभावनेचे साधन होऊन बसेल, असा धोका वारंवार निर्माण होतो. हा धोका किती खरा आहे, ते 2002 साली स्टीव्हन सोडरबर्गने केलेल्या अमेरिकन ‘सोलारिस’मध्ये दिसते. तो चित्रपट नेटका आहे, अभिनय चांगला आहे, लांबी तासाभराने कमी आहे. पण त्यात लक्ष सगळे नवराबायकोच्या नात्यावर आहे आणि ग्रह खिडकीबाहेरच्या देखाव्यासारखा राहतो. अवकाशातल्या प्रेमाची गोष्ट मला लिहायची असती तर मी पुस्तकाला तसे नाव दिले असते, अशा आशयाची नाराजी लेमने तेव्हा व्यक्त केली. तिथे वाद उरलाच नाही, एक बाजू सरळ सोडून दिली गेली.

तारकोव्हस्कीने ती सोडली नाही. याचा पुरावा त्याचा शेवट आहे. कादंबरीच्या अखेरीस केल्विन महासागराच्या काठावर उतरतो. तो हात पुढे करतो, लाट येऊन हाताभोवती आवरणासारखी उभी राहते, पण स्पर्श करत नाही. तो तिथेच थांबायचे ठरवतो, कशाची वाट पाहायची हे माहीत नसताना. चित्रपटाच्या अखेरीस केल्विन वडिलांच्या घरी परतलेला दिसतो. तळे तेच, कुत्रा तोच. खिडकीतून तो आत पाहतो तर घराच्या आत पाऊस पडतो आहे, वडिलांच्या पाठीवर पाणी पडते आहे आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही. ते दारात येतात. केल्विन गुडघे टेकून त्यांना बिलगतो, रेम्ब्रांटच्या उधळ्या पुत्राच्या चित्रासारखा. तारकोव्हस्कीचे वडील, कवी आर्सेनी तारकोव्हस्की, तो लहान असतानाच घर सोडून गेले होते, हे माहीत असलेल्याला हे दृश्य आणखी भिडते. आणि मग कॅमेरा वर जाऊ लागतो. घर, झाडे, तळे लहान होत जातात आणि दिसते की हे सगळे सोलारिसच्या महासागरातले एक बेट आहे.

या दृश्यावर बरेच लिहिले गेले आहे. कुणी त्याला क्षमा म्हणतो, कुणी भास, कुणी कैद. मला त्यात वादाचा निकाल दिसतो, आणि तो एकतर्फी नाही. सारा चित्रपटभर तारकोव्हस्की लेमच्या महासागराला घराकडे ओढत होता. शेवटच्या क्षणी त्याने ते घर उचलून महासागरात ठेवले. पश्चात्ताप, पिता, क्षमा हे सगळे तारकोव्हस्कीचे, पण त्याला वेढून राहिलेले पाणी लेमचे. घरात पाऊस पडतो, कारण महासागराला घर पाठ आहे, छप्पर कशाला असते ते त्याला अजून समजलेले नाही. पोशाख शिवताना त्याने केलेली चूक तो इथे पुन्हा करतो. म्हणजे त्याला आपण पुरते कळलो नाही आणि आपल्यालाही तो कळला नाही. तरी दोघांनी एकमेकांसाठी काहीतरी करून पाहिले आहे. समजण्याआधीही चांगले वागता येते, एवढे या शेवटातून नक्की निघते.

पुस्तकाशी इमान राखणारे माध्यमांतर कोणते, हा आपल्याकडच्या चर्चांमधला जुना प्रश्न आहे. प्रसंग तेच ठेवले, संवाद तेच ठेवले की इमान राखले, असे मानणारे पुष्कळ आहेत. ‘सोलारिस’ वेगळे सांगतो. पुस्तकाने विचारलेला प्रश्न इतका गंभीरपणे घ्यायचा की त्याच्याशी वाद घालावा लागेल, आणि वाद घालताना पुस्तकाचे म्हणणे पडद्यावरून पुसायचे नाही, हेही इमानच आहे. माझ्या मते अधिक अवघड. लेम चिडला, कारण त्याच्या हातून प्रश्न गेला असे त्याला वाटले. प्रश्न गेला नव्हता. तो दोघांचा झाला होता. लेम 2006 साली क्राकूवला वारला, तारकोव्हस्की त्याच्या कितीतरी आधी, 1986 साली, मायदेशापासून दूर पॅरिसमध्ये. वाद मिटवायला आता दोघेही नाहीत, आणि तो मिटू नये असेच मला वाटते.

म्हणून एक विनंती करून थांबतो. हा चित्रपट आणि हे पुस्तक एकत्र घ्या. पुस्तक आधी वाचा आणि मग चित्रपट पाहा, किंवा क्रम उलटा करा, पण एकावर थांबू नका. आपल्या ग्रंथालयाने आणि चित्रपट मंडळाने मिळून असा उपक्रम केला, तर ज्यांच्या नावाने हे व्याख्यान होते त्यांच्या दोन्ही ध्यासांचा मान राखला जाईल. आणि त्या दिवशी कुणी लेमच्या बाजूने उभे राहून माझे आजचे म्हणणे खोडून काढले, तर मी ते मनापासून ऐकेन. पन्नास वर्षांनंतरही ज्यावर असे भांडता येते, त्या कलाकृतीचे देणे अजून संपलेले नाही.